भिंतीवरची लाल अक्षरं : व्हिएन्ना ते माल्मो, नऊ दिवस

दिवस पहिला : व्हिएन्ना

सामान खोलीत टाकलं आणि तशाच खाली वर्गात गेलो. शाश्वत शहरांवरच्या आमच्या अभ्यासक्रमाचा वर्ग म्हणजे वसतिगृहाच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली आणि आम्ही अठराजण. कुणी वास्तुरचना शिकणारं, कुणी अर्थशास्त्र, दोघं आपापल्या देशांत सरकारी नोकरी करून आलेले. मी सार्वजनिक धोरण शिकते. निघण्याआधी सहा आठवडे वाचन झालं होतं, परतल्यावर प्रत्येकाने एका महापौराला उद्देशून चार पानी धोरण-टिपण लिहायचं होतं. मधले नऊ दिवस मात्र रस्त्यावर काढायचे.

मॅडमनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कोणी ठरवलं? पैसे कोणी मोजले? कोण बाहेर राहिलं? "कुठल्याही पुलावर, बागेत, इमारतीत उभ्या राहाल तेव्हा वहीत या तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. फोटो नंतर," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला प्रत्येकाच्या विमानप्रवासाच्या कार्बनचा हिशेब मांडायला लावला. शाश्वत शहरं शिकायला इतक्या लांबून उडत यायचं, तर त्याची किंमत आधी आपल्याच हाताने कागदावर उतरली पाहिजे, हे मला पटलं. शहरा-शहरांतला पुढचा सगळा प्रवास रेल्वेनेच होता.

दिवस दुसरा : व्हिएन्ना

आजचा दिवस मी जन्मभर विसरणार नाही.

हायलिगेनश्टाट स्थानकातून बाहेर पडलं की समोर कार्ल-मार्क्स-होफ ही नगरपालिकेच्या घरांची वसाहत उभी असते. लांबी एक किलोमीटरहून जास्त. आधी डोळे कमानींवर जातात, मग गच्च्यांवर, आणि थोड्या वेळाने कळतं की आपण चालतोय चालतोय आणि इमारत संपतच नाहीये. वास्तुविशारद कार्ल एन, बांधकाम १९२७ ते १९३०, घरं १,३८२. मला नवल वाटलं ते आतल्या मोकळ्या जागेचं. एवढं अवाढव्य बांधकाम, पण जमिनीचा पाचवा हिस्साही त्याने व्यापलेला नाही. बाकी सगळी हिरवळ, झाडं, मुलांच्या खेळायच्या जागा. मूळ आराखड्यात धुणीघरं, स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना असं सगळं होतं. एका जुन्या धुणीघरात आता त्या काळाचं संग्रहालय आहे. मोठमोठ्या यंत्रांची छायाचित्रं बघताना मनात आलं, कुणीतरी नगरपालिकेच्या बैठकीत बसून बायकांच्या धुण्याच्या दिवसाचा विचार केला होता. धोरण हा शब्द मी इतकी वर्षं वापरते, पण तो असा ओल्या कपड्यांपर्यंत पोचलेला मी पहिल्यांदा पाहिला.

पैसे कोणी मोजले, याचं उत्तर दुपारी मिळालं, आणि तेही भिंतीवर. मार्गारेटनगुर्टेल रस्त्यावर त्या काळच्या नगरपालिकेच्या इमारतींची रांग आहे. तिथे दर्शनी भिंतींवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं दिसतं. आमच्यातल्या जर्मन येणाऱ्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं : व्हिएन्ना नगरपालिकेने, गृहनिर्माण कराच्या निधीतून, अमुक साली बांधली. बांधणाऱ्याचं नाव, साल, आणि पैसा कुठून आला ते, सगळं रस्त्यावरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत!

हा कर १९२३ साली आला. पूर्वी बँकेत वरच्या पदावर असलेले ह्यूगो ब्राइटनर तेव्हा शहराचा खजिना सांभाळत होते. कर सगळ्या भाडेकरूंवर होता, पण चढत्या दराने. छोट्या घराला नाममात्र, महालवजा घराला जबर. शिवाय नोकरचाकर, मोटारी, चैनीच्या गोष्टी यांच्यावर वेगळे कर. त्या पैशातून अकरा-बारा वर्षांत ६० हजारांहून जास्त घरं उभी राहिली. बांधकामाला कर्ज काढलेलं नव्हतं, करातूनच खर्च भागवला होता. त्यामुळे भाड्यातून फेडायचं काहीच नव्हतं, भाडं फक्त देखभालीपुरतं. हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. घर स्वस्त पडलं त्यात बांधकामाच्या तंत्राचा वाटा थोडा आणि पैसा कुठल्या वाटेने आला याचा फार मोठा.

फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत केंद्र सरकारच्या सैन्याने याच कार्ल-मार्क्स-होफवर तोफा डागल्या आणि निवडून आलेली नगरपालिका बरखास्त झाली. घरं मात्र टिकली. आज शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत, आणि मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची अनुदानित घरं धरली तर शहरातली जवळपास निम्मी माणसं अशा घरांत राहतात.

संध्याकाळच्या चर्चेत तिसऱ्या प्रश्नावर सूर चढले. नगरपालिकेचं घर मागायचं तर आधी दोन वर्षं व्हिएन्नात नोंदलेलं राहावं लागतं. म्हणजे नुकत्याच आलेल्या माणसाने ती दोन वर्षं खुल्या बाजारातलं महाग घर घ्यायचं. ज्याला घराची सगळ्यात जास्त निकड, त्यालाच दाराबाहेर थांबायला लागतं. एकजण म्हणाला, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. बरोबर आहे. पण रेघ कुठे ओढली हेही लाल अक्षरांत लिहिलं पाहिजे, असं मी म्हणाले, आणि अजूनही मला तसंच वाटतं.

दिवस तिसरा : व्हिएन्ना

सकाळी आइन्झीडलर पार्क. बाग लहानशी आहे. नव्वदच्या दशकात इथल्या अभ्यासकांना दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली सार्वजनिक बागांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. कारण शोधलं तर बागेतली बरीचशी जागा एका जाळीच्या मैदानाने खाल्लेली, त्याला दार एकच, आणि त्या दारात मोठी मुलं उभी. १९९९ मध्ये ही बाग आणि जवळची आणखी एक बाग नमुना म्हणून नव्याने आखली. खेळायच्या जागा तोडून लहान केल्या, मैदानांना जास्त आणि रुंद वाटा ठेवल्या, नुसतं बसून बोलता येईल असे ओटे बांधले, दिव्यांकडे लक्ष दिलं.

आम्ही तासभर बसून कोण कुठे बसतं याचा नकाशा काढला. वर्गात हे काम मला बाळबोध वाटलं असतं. इथे कळलं की दाराची रुंदी हासुद्धा धोरणाचा मजकूर असतो.

दुपारी आस्पर्नमधलं झेश्टाट. जुन्या विमानतळाच्या जागेवर वसवलेलं नवं उपनगर. इथे माणसं राहायला २०१४ मध्ये आली आणि मेट्रो त्याच्या आधीच, २०१३ मध्ये पोचली होती. रस्त्यांना बहुतांशी स्त्रियांची नावं. कडक वारा होता आणि मोकळ्या चौकांत सावली फार कमी. आधी रेल्वे, मग माणसं हा क्रम मात्र मनात राहिला, कारण जगभर तो नेमका उलटा असतो.

दिवस चौथा : व्हिएन्ना, आणि रात्रीची गाडी

डोनाउइन्सेल म्हणजे डॅन्यूब नदीतलं बेट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, आणि सगळं माणसाने केलेलं. १९५४ च्या पुरानंतर शहराने ठरवलं की नदीला दुसरी वाट द्यायची. १९७२ ते १९८८ अशी सोळा वर्षं समांतर पात्र खणलं, निघालेल्या मातीचं बेट केलं. एरवी त्या नव्या पात्रात पाणी स्थिर असतं, लोक पोहतात. पूर आला की वरचे दरवाजे उघडतात. क्षमता धरली आहे सेकंदाला १४,००० घनमीटरची, म्हणजे १५०१ सालच्या महापुराच्या अंदाजाएवढी. पाचशे वर्षांपूर्वीचा पूर लक्षात ठेवून आज खणणारी माणसं! सप्टेंबर २०२४ च्या पुरात या बेटाने आपलं काम चोख केलं. छोट्या वीन नदीने मात्र तेव्हा मेट्रोच्या एका मार्गाची दैना केली. मोठ्या नदीचा बंदोबस्त झाला म्हणून लहान नदीकडे पाठ फिरवता येत नाही, हे मॅडमनी त्याच काठावर उभं राहून सांगितलं.

रात्री हॅम्बुर्गच्या गाडीत बसलो.

दिवस पाचवा : रेल्वे

सकाळी हॅम्बुर्ग, तिथून गाडी बदलून कोपनहेगन. मधली जोडगाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि फलाटावर दोन तास काढावे लागले. मॅडमनी तिथेच पथाऱ्या पसरायला लावून डेन्मार्कचा इतिहास घेतला.

१९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा डेन्मार्कची ऊर्जेची गरज नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेरच्या तेलावर भागत होती. त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी चालवायला बंदी आली आणि रिकाम्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले. १९७९ मध्ये घरं तापवण्यासाठी कायदा झाला. वीजकेंद्रांची वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या नळांतून घराघरांत न्यायची, त्यासाठी कुठला भाग कुठल्या जाळ्यावर हे नगरपालिकांनी आखायचं. आज कोपनहेगनमधली जवळजवळ सगळी घरं या सामाईक जाळ्यावर आहेत. रस्त्यावरून जाताना यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. सगळं फरसबंदीखाली. शहराचा सगळ्यात मोठा पराक्रम अदृश्य असू शकतो, हे फलाटावर बसून समजलं.

दिवस सहावा : कोपनहेगन

सकाळी साडेसातला ड्रोनिंग लुइसेस ब्रो या पुलावर मोजणी. दिवसाला ४० हजारांहून जास्त सायकली इथून जातात असं वाचलं होतं. दोघींनी मिळून मोजायला सुरुवात केली, पाचव्या मिनिटाला हिशेब चुकला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकला. पुढच्या पेटीत दोन पोरं बसवलेल्या तीनचाकी, कोट-बूट घातलेली माणसं, एक आजोबा, एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने कुंडी धरलेली मुलगी. घंट्यांचे आवाजसुद्धा फारसे नाहीत. चाकांची नुसती सरसर.

मग मी खाली बसून कडा बघितली. सायकलींची वाट मोटारींच्या रस्त्यापेक्षा एक पायरी वर, आणि पदपथ तिच्याहून एक पायरी वर. पायरी माझ्या चार बोटांएवढी असेल. वाट नुसती रंगाने आखलेली असती तर मोटार सहज आत घुसली असती. चार बोटांच्या दगडामुळे लहान पोर घेऊन निघालेली आई निर्धास्त असते. नॉरेब्रोगेडवर सिग्नल असे जुळवले आहेत की ताशी २० किलोमीटरने गेलं तर हिरवा दिवा मिळत जातो. बर्फ पडला तर सायकलींच्या वाटा अग्रक्रमाने मोकळ्या करतात.

पुलाच्या दोन्ही बाजूंना तळी आहेत. याच तळ्यांच्या काठाने एकेकाळी मोठा मोटाररस्ता आखला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बेत सोडून दिला गेला. त्याच दशकाच्या अखेरीस हजारो सायकलस्वार नगरभवनापुढे जमून वाटांची मागणी करत होते. "हे लोक मुळातच सायकलवेडे" असं आमच्यातला एकजण सारखं म्हणत होता. तसं नाही. पन्नास-साठच्या दशकांत इथेही मोटारी वाढत आणि सायकली घटत होत्या. स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी राखला तेव्हा दुकानदार धास्तावले होते. सवय जन्मजात नव्हती. मागून, भांडून, पुन्हा पुन्हा तरतूद करून ती बसवली गेली.

दिवस सातवा : कोपनहेगन

पाण्याचा दिवस. माझं टिपण याच विषयावर व्हायचं होतं, म्हणून मी रात्रभर जवळजवळ जागीच होते.

२ जुलै २०११ ला या शहरावर ढगफुटी झाली. दोन-तीन तासांत काही भागांत १५० मिलिमीटर पाऊस. तळघरं भरली, रस्ते बुडाले, नुकसान सुमारे ६ अब्ज डॅनिश क्रोनर. शहराने २०१२ मध्ये ढगफुटी आराखडा मंजूर केला. त्यात गणित मांडलं होतं. जमिनीखाली नुसते मोठे नळ टाकत बसलं तर सुमारे २० अब्ज क्रोनर लागतील. पाणी वरच्या वर, रस्ते-बागा-चौकांतून खेळवलं आणि जिथे गरज तिथेच बोगदे खणले, तर सुमारे १३ अब्ज. मग वीस वर्षांत करायची साधारण तीनशे कामं ठरली.

ऑस्टरब्रोमधल्या टोसिंगे प्लाद्स या चौकात पोचलो. २०१४ मध्ये तयार झालेलं हे त्यातलं सुरुवातीचं काम. पूर्वी इथे बराचसा डांबर होता. आता उतरती हिरवळ, खाली दाट झाडी, आणि उलट्या छत्र्यांसारख्या मोठाल्या धातूच्या रचना, पाऊस झेलण्यासाठी. छपरांवरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत जातं आणि पोरं उड्या मारून ते वर काढून खेळतात. आम्हीही खेळलो. मग मी पाण्याची बाटली चौकाच्या वरच्या कडेला हळूच ओतली आणि त्या ओघळाबरोबर चालत निघाले. फरशीचा उतार डोळ्यांना जाणवतच नाही. पण पाणी कुठेही न घुटमळता वळण घेत थेट झाडीत शिरलं. कुणीतरी हा उतार तसूतसूने मोजला होता.

रस्त्यावरचं पाणी मात्र वेगळं ठेवावं लागतं. हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकतात, ते झाडांच्या मुळांशी गेलं तर झाडं मरतात. त्यामुळे त्या पाण्याची वाट निराळी, गाळणी निराळी. असल्या गोष्टी वाचनात एका ओळीत उरकलेल्या असतात. प्रत्यक्ष त्या गाळणीच्या झाकणावर उभं राहिल्यावर पहिला विचार आला, हे उघडून साफ कोण करतं?

पैशांचं उत्तर इथे फार शिकण्यासारखं आहे. पाणीपट्टीतून जमणारा पैसा नळांवरच खर्च करायचा, असा पूर्वी नियम होता. बागेखाली टाकी बांधली तर चालेल, पण बागच खोलगट केली तर तो खर्च बसेना. ढगफुटीनंतर कायदा बदलला आणि पाणी-कंपन्यांना जमिनीवरच्या कामांतही वाटा उचलता येऊ लागला. हे एक कलम बदललं नसतं तर हा चौक चित्रातच राहिला असता. मला डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. असं एखादं कलम शोधून काढणं, हेच तर मला आयुष्यभर करायचं आहे.

दुपारी एंगहेवपार्केन. १९२० च्या दशकातली देखणी बाग, आता ढगफुटीच्या वेळी सुमारे २२,६०० घनमीटर पाणी पोटात घेऊ शकते. कडेने बुटकी भिंत आहे, लोक तिच्यावर बसतात. आम्हीही बसलो. ते बसायचं बाकच बांधही आहे.

दिवस आठवा : कोपनहेगन

आमागर बाके हा ८५ मीटर उंचीचा कचऱ्यापासून वीज आणि उष्णता काढणारा कारखाना. छपरावर स्कीइंगसाठी कृत्रिम उतरण आहे. वर चढून गेलो. समुद्रात मिडलग्रुंडनच्या वीस पवनचक्क्या एका कमानीत उभ्या दिसत होत्या. त्यातल्या निम्म्यांची मालकी आठ हजारांहून जास्त सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेची. सहकार हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं.

पण आजचा खरा धडा अपयशाचा होता. २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होऊ, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन भरून काढू, असं कोपनहेगनने २०१२ मध्ये जाहीर केलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये शहराने मान्य केलं की हे जमणार नाही. या कारखान्याच्या धुरातला कार्बन पकडण्यावर मोठी भिस्त होती आणि त्यासाठी सरकारी निधी मिळाला नाही. शिवाय भट्टी मोठी असली की ती भरती ठेवावी लागते. शहर कचरा कमी करायला निघालेलं असताना परदेशातूनही कचरा इथे जाळायला आला. छपरावरून दृश्य सुंदर दिसतं, म्हणून हा पेच लहान होत नाही. आमच्या गटात यावर रात्री अकरापर्यंत वाद चालला. शहराने आकडा जाहीर केला, वेळेत चुकला हेही जाहीर केलं, याला मी मोल देते. काहींना ती पळवाट वाटली.

दिवस नववा : माल्मो

ओरेसुंड पुलावरून पाऊण तासात स्वीडन. २००० साली हा पूल झाला तोवर माल्मोची जहाजगोदी मोडीत निघाली होती. २००२ मध्ये तिथली अजस्र क्रेन एका डॉलरला कोरियाला विकली गेली, आणि ती जाताना बघायला लोक जमले होते. त्याच व्हेस्ट्रा हाम्नेन बंदरात २००१ च्या गृहनिर्माण प्रदर्शनातली घरं आहेत. सुबक आहेत, तिथल्याच ऊर्जेवर चालावीत अशी आखलेली. पण ऊर्जेचा वापर अंदाजापेक्षा जास्त निघाला, आणि किमतीही गोदीतल्या कामगाराला झेपणाऱ्या नव्हत्या. मी तिथे फार रेंगाळले नाही.

ऑगस्टेनबोर्गला गेलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. १९४८ पासून बांधलेली ही भाड्याच्या घरांची वसाहत, मालकी नगरपालिकेच्या कंपनीची. सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जाई, तुंबलं की तळघरात शिरे. १९९८ पासून पावसाचं पाणी वेगळं काढलं. छपरांवर हिरवळ, पन्हळीखालून उघडे पाट, पाटांतून तळी. उघड्या पाण्यात पोरं पडतील म्हणून रहिवाशांनी आधी कुरकुर केली, मग बैठका झाल्या, कडा उथळ केल्या गेल्या. ३१ ऑगस्ट २०१४ ला माल्मोत अतिवृष्टी झाली, शहरभर तळघरं बुडाली, ही वसाहत मात्र बरीचशी बचावली.

आणि पाऊस आलाच. बाकीचे आडोशाला पळाले. मी एका पाटाशी उकिडवी बसले. पन्हळीतून आधी थेंब, मग बारीक धार, मग पाटातल्या सिमेंटच्या उंचवट्यांवरून पाणी खळाळत निघालं. थोड्या अंतरावर पानांचा लगदा अडकला होता. पाणी तिथे थबकलं, फुगलं, कडेवरून वाहायच्या बेताला आलं.

पिवळ्या कोटातला एक माणूस दंताळं घेऊन आला. दोन ओढींत लगदा बाहेर, पाणी मोकळं. मी विचारलं, हे किती वेळा करावं लागतं? "वारा सुटला की," तो म्हणाला आणि पुढच्या पाटाकडे गेला.

परतीच्या गाडीत टिपणाचा खर्चाचा तक्ता उघडला. खोदाई, फरसबंदी, झाडं, गाळणी, सल्लागारांचं मानधन. सगळे रकाने भरलेले होते. खाली एक नवी ओळ टाकली : दंताळेवाला, पूर्णवेळ, दरवर्षी. रकमेच्या जागी अजून काही लिहिलेलं नाही. वहीचं ते पान ओलं आहे आणि शाई थोडी पसरली आहे, पण वाचता येतं.